एकच सीट शिल्लक

अंदमानला गेलतो तवाचं सांगतो. आमच्या मामानं तीस वर्षं जिंतूर ते देवगाव फाटा जीप चालवली. गाडी भरल्याबिगर हलवायची न्हाई, हा त्याचा धरम.

विमानतळावर हॉटेलची एकच गाडी समद्या पाहुण्यायला न्यायला आलती. एक सीट रिकामी राहिली, म्हणून ड्रायव्हर यादी घेऊन त्या माणसाला हुडकायला आत गेला. मी मागं ब्यागा रचायलो होतो. मामाला काही दम निघंना. दारात उभा राहिला अन् हाळी दिली, "एकच सीट! चलो, निकली गाडी!"

दोन मिनिटांत कुठले तरी एक बंगाली आजोबा आणून बसवलेबी!

तेवढ्यात ड्रायव्हर आला. त्याच्यामागं आमची मामी. बाथरूमला गेलती.

आजोबा उठायलेत, तर मामानं त्यायला खांदा दाबून बसवलं. "बसलेलं पॅसेंजर उतरवत नसतेत," म्हणला. मग मामीला म्हणला, "तू माझ्या जागी बस. मी मागं लटकतो."

ड्रायव्हरनं हात जोडले. मामी मात्र निवांत बसली अन् मला म्हणली, "लग्नातबी ताडकळसहून असंच आणलंय मला. नवरी आत, अन् नवरदेव मागं लटकलेला."