मधातच बंद पडणारं भजन

गाणे आयकाचं ॲप घेताना माह्यासारखी घाई करू नोका, सांगून ठेवतो. घाईत घेतलं, अन् आता घरभराले एकच खातं, एका वेळी एकाच फोनवर वाजणारं. मी अन् कारंज्याले शिकाले ठेवलेली पोरगी स्वाती, दोघं तेच वापरतो. खोलीवर पोचली की तिचं पहिलं काम गाणं लावाचं, अन् तिनं तिकडं गाणं लावलं की माह्यं भजन इकडं मधातच बंद! वैतागून मी ठरवलं, सगळ्यायले एकाच वेळी आयकता येईन असा घरभराचा प्लॅन घ्याचा.

त्याच दिवशी स्वाती सुट्टीवरून एसटीनं परत गेली. दिवे लागले तरी तिचा फोन लागेना. बायको रडाले लागली. तिचं मन रमावं म्हून मी भजन लावलं अन् गाडीची चाबी शोधाले उठलो. तितक्यात भजन थांबलं. फोनवर अक्षरं आली, 'दुसऱ्या फोनवर गाणं सुरू आहे.'

"पोचली वं, पोचली!" मी वरडलो.

बायकोनं डोळे पुसले अन् भडकली, "आईले फोन कराले टाइम नाही, गाणे पहिले!"

माह्या जिवात जीव आला. म्हटलं, "उद्या तो मोठा प्लॅन घेऊनच टाकतो."

"काही घेऊ नोका," ती म्हणाली. "मंग पोरगी पोचली ते मले कसं समजन?"