कोकिळाच्या हातचा श्वास

नाई हो शोभाबाई, क्षय नव्हता माह्या नत्थूले — कोणी सांगतलं तुमाले? ब्यांशीचा हिवाळा होता. साधा सर्दी-ताप आला, मंग दम लागला, एस्टीनं वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. छातीच्या फोटोत दोन्ही फुप्फुसं पांढरी. डाक्टर म्हणे, हा निमोनिया वेगळा, याले सुईचं औषध चालत नाई, फुप्फुसं आपल्यानं सुधरेपर्यंत बाहेरून श्वास द्या लागते. श्वासाचं मशीन एकच, त्याच्यावर एक बाळंतीण होती बिचारी — तिले काय उतरवतात? मंग याच्या घशात नळी घातली, नळीले काळा रबरी फुगा लावला, अन् डाक्टरनं इचारलं, दाबते कोण? कोकिळा उठली. माही सून — जिले तुमी तुमच्या भावासाठी मागून राह्यल्या, तीच.

दाबला का छाती वर ये, सोडला का खाली. आमी दोघी पाळीपाळीनं दाबो. ती दाबता दाबता त्याले घरचं सांगे — पऱ्हाटीले कापूस फुटला, गाय व्याली — गाय कुठची, गाभणबी नव्हती. त्याले नळीनं बोलता येत नव्हतं, पण डोळ्यानं हासे. अन् मी दाबाले बसली का दाराकडं पाहे, ती कुठं गेली म्हून. जन्म म्या देल्ला, अन् श्वास त्याले तिच्या हातचा पाह्यजे. असो.

मंग मशीन मोकळं झालं, त्याले लावलं. पण फुप्फुसं काई सुधरली नाई. गेला. डाक्टरनं मशीन बंद केलं, तं हिनं तो फुगा पुन्हा नळीले जोडला अन् दाबतच राह्यली. छाती वर ये, खाली जाये — पाह्यणाऱ्याले वाटे जित्ता हाये. डाक्टर दोनदा बोलला, तिनं ऐकलं नाई. मंग म्या तिच्या हातावर हात ठेवला. म्हटलं, "कोकिळा, सोड त्याले आता." तवा सोडला.

पायगुण? पायगुण कायचा इचारता बाई. तुमच्या भावाले उद्या काई झालं, तं सारे उठून जातीन, ती जाणार नाई — येवढंच सांगतो.

पाट लावाचा तं लावा. माही हरकत नाई. मले काय लागते — दोन भाकरी — त्याबी तीच थापते, मले चुलीजवळ येऊ देत नाई — तं थापीन मी. तिले? तिले नाई इचारलं अजून. म्या सांगतलं तं हो म्हणीन ती. माहं ऐकते.

चहा झाला नं? मंग निघा. ती विहिरीवर गेली हाये, येईनच आता. डोक्यावर पाण्याची गुंडी घेऊन आंगणात आली, अन् तुमी अजून बसल्या असल्या, तं मी नाई म्हणून बसीन. जा बाई.