एक बाही

— नाही, तो कोट विकायचा नाही. हात लावू नका, कच्चे टाके आहेत. ज्यासाठी आलात ते बोला. धाकट्याच्या पुस्तकाचा गठ्ठा ना? आहे, त्या कपाटात, अस्तराच्या कापडात बांधलेला. पण देणार नाही. तुम्ही छापणारे असाल तर असा. शेवटचं प्रकरण राहिलंय, आणि अर्धवट काम ह्या दुकानातून बाहेर जात नाही — ना कपडा, ना माझ्या भावाचं पुस्तक. तो गेला म्हणून नियम गेला का? नाही गेला.

बसा. त्या स्टुलावर नको. इकडे, बाकावर.

नियम कसला? सांगतो. धाकटा हुशार, मी चौथीत शाळा सोडलेला, पण त्याची हुशारी म्हणजे मशीन आहे आणि पायच हलत नाही. वर्षानुवर्षं पहिलंच प्रकरण — लिहायचं, फाडायचं, परत लिहायचं. म्हणायचा, दादा, मनासारखं उतरत नाही. मी म्हटलं, गिऱ्हाइकाला तारीख दिली नाही तर कापड फळीवर कुजतं. मनासारखं कधी होत नसतं, तारखेसारखं होतं. एकदा आला, म्हणाला, पुस्तक निघेल त्या दिवशी घालायला कोट शिव. शिवतो म्हटलं. दर शनिवारी, दिवे लागायच्या आत, एक प्रकरण इथे आणून ठेवायचं — मी एक भाग जोडणार. पाठ, छाती, कॉलर. आणि नाही आणलंस तर जोडलेलं एक तुझ्यासमोर उसवणार. हसला. त्याला वाटलं थट्टा. पहिलं प्रकरण आणलं, मी कॉलर शिवली. पुढच्याच शनिवारी रिकाम्या हातानं आला — कॉलर उसवली. शिवलेली, इस्त्री केलेली कॉलर. तोंड बघण्यासारखं झालं होतं. मग लिहायला लागला. दम लागायचा, जिना चढताना खोकायचा, पण कागद घेऊन यायचा.

वाचायचो? नाही. शेवटच्या पानाची शेवटची ओळ बघायचो, पूर्णविराम आहे का. असला की सुई घ्यायची. तो तिथे स्टुलावर बसायचा, मी शिवत असायचो. बोलणं? काय बोलायचं? आम्ही बोलणाऱ्यांतले नाही. बाप गेल्यापासून तो तिकडे, मी इकडे, कामाशिवाय गेलोय कधी एकमेकांकडे? नाही.

हळूहळू कोट झाला. एक बाही राहिली, एक प्रकरण राहिलं. आणि तिथे गडी अडला. येतोय शनिवारी, हात हलवत. दादा, अजून एक शनिवार दे. मी खिसा उसवला. परत आला, तेच. मी पाठ उसवली. एवढी पाठ, किती काम असतं तिला. परत जोडायला आठवडा माझा जायचा, ह्याला काय. बसून बघायचा — हसायचा, साहेब. मी बोललो त्याला. लाज नाही का, म्हटलं, कोडगा झालास. तरी पुढच्या शनिवारी हजर. असे पुष्कळ शनिवार. मग एकदा आलाच नाही.

काय म्हणालात?

परत सांगा. शेवटचं प्रकरण तुमच्याकडे? कोण देऊन गेलं? तो स्वतः? कधी — नाही, चूक होतेय तुमची. तेव्हा तर तो इथे यायचा. तेव्हा मी खिसा —

दाखवा. पान दाखवा. शेवटचं.

हं. आहे पूर्णविराम.

म्हणजे लिहून झालं होतं. तुमच्याकडे देऊन झालं होतं, आणि हा दर शनिवारी जिना चढून इथे. कशाला? शिव्या खायला? मी पाठ उसवायचो तेव्हा तो — कोट पुरा झाला असता तर पुढच्या शनिवारी कशाला आला असता? नसता आला. मीही ये म्हटलं नसतं. मी म्हणणारा नाही.

पाणी नको. बरा आहे मी.

घेऊन जा गठ्ठा. खालच्या फळीवर, डावीकडे. काम पुरं झालंय, मला अडवायचा हक्क नाही. गाठ सोडू नका, तशीच न्या. बाही? ती मी बघीन. कधी लावणार ते विचारू नका. ह्या दुकानात बसल्यापासून गिऱ्हाईक तारखेशिवाय परत पाठवलं नाही मी, पण ती तारीख देत नाही. मुदत आहे तोवर माणूस येतो. हसू नका. तुम्ही संध्याकाळी इथे एकटे बसलेले नाहीत, तुम्ही खोकला ऐकलेला नाही. जिन्याच्या मधल्या वळणावर थांबतो, दम खातो, मग वर येत नाही. मी सुई हातात घेऊन बसतो. उसवायला काही तरी लागतं ना समोर.

आज वार कोणता? शनिवारच. मग निघा. दिवे लागायच्या आत निघा, आणि उतरताना कडेनं उतरा, जिना अरुंद आहे. दार ओढू नका.

राहू द्या उघडं.