नाक्यावरचं कोरं लुगडं

सावनेरहून लेकीचं पत्र आलं होतं, बाबा, एकदा तरी माझ्या घरी या. आपण तिथे काय बोलणार, या शंकेनं मी ते पुस्तकात ठेवून दिलं. पुढं त्रेपन्न सालच्या उन्हाळ्यात उमरेडहून येताना आमची बस नागपूरच्या जकात नाक्यावर थांबली. माझ्यापुढं एक विणकर जोडपं बसलं होतं. नाकेदार आत चढला.

"गाठोड्यात काय आहे गा?"

"लुगडं, साहेब. एकच."

"नवा हुकूम आला. कोरं असलं तर एकालेही जकात पडते."

"विकाचं नाही, साहेब. लेकीची ओटी भराची आहे."

"सारेच लेकीचं सांगून राहिले. बाई, लाव मग पदराले हळदीकुंकू."

"घरी लावू ना, साहेब!" नवरा घाईनं म्हणाला.

"काहून? लेकीचंच आहे ना?"

"अवं, तू डबी काहून काढून राहिली?"

"साहेब म्हणून राहिले ना. हे पाहा साहेब, लावलं."

"ठीक आहे. जाऊ द्या गाडी!" नाकेदार उतरला. गाडी हलली तसा नवरा बायकोकडं वळला.

"पाची बोटं लावले? एकानं भागत नव्हतं काय? कुंकू लागलेलं लुगडं ताराचंद शेठ दुकानात ठेवते काय?"

"नाही ठेवत."

"मग त्याले काय सांगू मी?"

"लेकीचं होतं म्हणा. तुम्हीच तर बोलले."

"मी जकातीसाठी बोललो वं!"

"मागच्या खेपेले तिची ओटी जुन्या लुगड्यानं भरली मी. सरका तिकडं, ओलं आहे कुंकू."

नागपूरला उतरल्यावर मी पोस्टातून कार्ड घेतलं. 'रविवारी येतो' एवढंच लिहिलं आणि पेटीत टाकलं.