पहिली ओळ काकू द्यायच्या

बसा, सगळे बसा. धारहून निघालेली मंडळीही पोचली. विमलकाकूंच्या शोकसभेत बोलायचं आणि समोर काकू नाहीत. शब्द जागेवर येत नाहीत, सांभाळून घ्या.

काकूंनी देवासात जन्मभर जीवशास्त्र शिकवलं. मी त्यांचा विद्यार्थी नव्हे. मी कारखान्यात औषधासाठी जीवाणू वाढवतो. कॉलेजात गेलो नाही. जे शिकलो ते स्वतः शिकलो, आणि नीट शिकलो. म्हणून काकू माळवी ढंगात चिडवायच्या, "काय भिया, आज कोणतं पुस्तक गिळून आलास?"

एकदा सिग्मावरून आमची जुंपली. जीवाणूत जनुकाची नक्कल काढणारं एक यंत्र असतं. पण सुरुवात कुठून करायची, ते त्याला एकट्याला कळत नाही. सिग्मा नावाचं प्रथिन त्याला चिकटतं, जागा दाखवतं. त्या सिग्मावरही लक्ष ठेवणारी प्रथिनं असतात. कुणी त्याला अडवून धरतं, कुणी जागेवर टेकायला मदत करतं.

काकू म्हणाल्या, "अरे, हे तर आपलं मराठी मंडळच! प्रार्थनेची पहिली ओळ मी देते. तुझे काका पदर ओढतात, थांब, लोक येऊ देत. पेटीवर शालूताई सूर धरते, चला आता. सगळे म्हणायला लागले की मी गप्प."

मी म्हटलं, "काकू, नक्कल सुरू झाली की सिग्मा लगेच सुटतोच असं नाही. कधी बराच वेळ चिकटून राहतो."

"मग मीही राहीन बापडी थोडा वेळ!"

हल्ली कारखान्यात जीवाणूंच्या टाकीच्या धूसर काचेतून आत पाहतो. वाटतं, असंख्य सिग्मा तरंगताहेत, सुरुवात शोधताहेत. कुणी धरलेले, कुणी सुटलेले. आणि टाकीच्या घरघरीत काकूंचा श्वास ऐकू येतो, पहिल्या ओळीआधी घेतलेला.

काकू दवाखान्यात होत्या, तेव्हा मंडळात काय झालं, आठवतं? सगळ्यांनी थेट दुसरी ओळ म्हटली! पहिली आपण कधी म्हटलीच नव्हती. आपल्या पोरांना मराठी वाचता येत नाही; त्यांना प्रार्थना येते ती काकूंच्या मागून. मी थांबवलं, "ही सुरुवात नव्हे." मग पुन्हा कोणी तोंड उघडलं नाही. त्या दिवसापासून मंडळात प्रार्थना झालेली नाही.

आज ती होणार की नाही? मला पहिली ओळ येते, अगदी अचूक येते. पण मी दिली तर पोरं परीक्षेला बसल्यासारखी बसतील. माझ्यामागून कोण गाणार?

काकू, नमस्कार.

आता सगळे थोडा वेळ शांत उभे राहू. मग ज्याला वाटेल त्यानं सुरू करावं, कुठूनही. काका, तुम्हीही अडवू नका. ओळ चुकली तर चुकू दे.

मी टोकणार नाही.