हाओ आजोबांच्या दाराचे कुलूप उघडल्याबाबत

नाव : शांग युएअ, वय ४७, धंदा : मेट्रो स्टेशनवर सामान तपासणी, राहणार : कामगार वसतिगृह, ताय्युआन शहर. मूळ गाव कान्सू प्रांतात.

मी आज ठाण्यात समक्ष हजर राहून, अंमलदार साहेबांनी विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर आणखी तिघींसोबत एका खोलीत राहते. नवरा वारला. मुलगी शिआनला नोकरी करते, सणावाराला तिचा फोन येतो. माझ्यावर यापूर्वी कसलीही तक्रार नाही.

मी मेट्रोच्या दारात सामान तपासणीला उभी असते. प्रवाशाजवळ उघडी बाटली असेल तर त्याला त्यातला एक घोट प्यायला सांगायचा, असा नियम होता. प्याला की बाटलीत घातक काही नाही असं धरून माणूस आत. 'पिशवी पट्ट्यावर ठेवा' आणि 'एक घोट घ्या' एवढंच दिवसभर माझं बोलणं. लोक तेवढंही बोलत नाहीत. फोनकडे बघत हात वर करतात आणि पुढे जातात.

हाओ च्युलिन, वय अंदाजे अठ्ठ्याहत्तर, हे सकाळची गर्दी ओसरल्यावर येत. म्हाताऱ्यांना मेट्रो फुकट आहे. परतीला त्यांच्याजवळ बाटलीत ज्वारीचा काळा शिरका, म्हणजे व्हिनेगर, असायचा. इथले लोक घरून बाटली नेऊन दुकानातून सुटा शिरका भरून आणतात. मी नवी होते, मला ते ठाऊक नव्हतं. म्हणाले, "आजोबा, एक घोट घ्या." त्यांनी चांगला तोंडभर घोट घेतला, पापणीसुद्धा हलली नाही.

"तू कुठली गं पोरी?"

"कान्सूची."

"तरीच! तुमच्याकडे रंगीत पाण्याला शिरका म्हणतात."

मी म्हणाले, "आणि तुमच्याकडे माणसंच शिरक्यात मुरवतात वाटतं." मागची रांग हसली.

तेव्हापासून ते जवळपास रोज येत. घोट घेत, आजचा कसा मुरलाय ते सांगत, मला चिडवत आणि जात. एकट्या माणसाला रोज एवढा शिरका कशाला लागतो, असं साहेबांनी विचारलं. मीही त्यांना विचारलं होतं. म्हणाले, "पोटाला नाही लागत गं, जिभेला लागतो." पुढे दुकानवाली बाई एकदा मेट्रोत भेटली. तिच्याकडून कळलं की म्हातारा रोज जेमतेम दोन बोटं शिरका भरून घेतो. तेव्हा मला सगळं समजलं. मी त्यांना काही म्हणाले नाही. त्यांच्याइतकीच मलाही त्या बोलण्याची गरज होती, हे लिहून घ्यावं.

नववर्षाच्या सणानंतर बाटल्या तपासायचं यंत्र आलं. बाटली आत ठेवली की हिरवा दिवा लागतो. घोट बंद. मुकादमाने बजावलं, प्रवाशांशी बोलत बसू नका, रांग तुंबते. आजोबा बाटली उघडून उभे राहिले. मी म्हणाले, "आता नको आजोबा, दिवा लागला."

"मशीनला चव कळते होय?"

मुकादम ओरडला, "ओ काका, पुढे व्हा."

ते पुढे झाले. त्यानंतर काही दिवस आले, बाटली ठेवली, उचलली, गेले. मग येईनासे झाले. मी मुकादमाला सांगितलं तर म्हणाला, "तुझ्या घरचा आहे का? एक पिशवी कमी, तेवढंच काम कमी." त्याच्या तोंडाला कोण लागणार.

काल माझी सुट्टी होती. मी शिरक्याच्या दुकानात गेले. आजोबा तिथेही फिरकले नव्हते. बाईने घर सांगितलं, जुन्या कापडगिरणीच्या इमारतीत, पाचवा मजला. मी दार ठोठावलं. आत टीव्ही चालू होता. हाका मारल्या. शेजारच्या बाईने लोखंडी दारामागूनच सांगितलं, "मला कुणाच्या भानगडीत पडायचं नाही." पोलिसांना का कळवलं नाही, असा प्रश्न आहे. एक प्रवासी मेट्रोत येत नाही, ही तक्रार मी कुठल्या तोंडाने करणार होते?

जिन्याच्या भिंतीवर कुलूपवाल्यांच्या जाहिराती चिकटवलेल्या असतात, त्यातल्या एकाला बोलावलं. त्याने विचारलं, "तुम्ही कोण?"

मी म्हणाले, "सून."

"मग किल्ली कुठाय?"

"भांडून गेले होते रे बाबा. उघड आता."

हे मी खोटं बोलले. तो म्हणाला, "सुना अशाच वेळी येतात," आणि कुलूप उघडलं.

आत पाय टाकताच फळीवरच्या कॅमेऱ्यातून पुरुषाचा आवाज आला. "कोण आहे? ए बाई, बाहेर हो! पोलिसांना फोन लावतोय." कुलूपवाला हत्यारं उचलून पळाला. मी विचारलं, "तुम्ही कोण?" आजोबांचा मुलगा हाओ जिनयू शेनझेनहून बोलत होता. दार उघडलं की त्याच्या फोनवर घंटी वाजते, अशी सोय त्याने करून ठेवली होती.

मी म्हणाले, "तुमचे वडील कुठे आहेत?"

"या वेळी ते मेट्रोने फिरायला जातात. तेच हेरून आलीस ना, चोरटे?"

"फिरायला गेले, तर आज तुमच्या फोनवर घंटी वाजली का? काल वाजली का?"

दार उघडलंच नव्हतं, म्हणून घंटी नाही, आणि घंटी नाही म्हणून सगळं ठीक, असं त्या बिचाऱ्याने धरलं होतं.

आजोबा स्वयंपाकघरात शेगडीजवळ पडलेले होते. कॅमेऱ्याला बाहेरची खोली आणि दार एवढंच दिसतं. त्यांची एक बाजू लुळी पडली होती. डोळे उघडे होते. मी रुग्णवाहिकेला फोन केला आणि त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. बाहेरच्या खोलीतल्या कॅमेऱ्यातून मुलाची हाक आली, "बाबा! बाबा!"

आजोबांचे ओठ हलले. मी कान जवळ नेला. म्हणाले, "आला?"

"कोण, आजोबा?"

"जिनयू. आवाज आला ना त्याचा. इतक्या लांबून आला." मग थोड्या वेळाने, "जेवलाय का, विचार त्याला."

मी म्हणाले, "हो, आलाय. बूट काढतोय."

कॅमेऱ्याची वायर मी उपटली, हा तक्रारीतला आरोप खरा आहे. मुलगा त्यातून ओरडत होता, "मला काही दिसत नाही, कुणीतरी सांगा!" ते आजोबांच्या कानावर गेलं असतं तर मुलगा आलेला नाही हे त्यांना कळलं असतं. म्हणून उठून वायर काढली. घरातल्या दुसऱ्या कशालाही मी हात लावलेला नाही.

रुग्णवाहिका आणि पोलीस बरोबरच आले. मला ठाण्यात आणलं. आजोबा आज पहाटे इस्पितळात वारले, असं इथेच कळलं. त्यांचा मुलगा दुपारच्या विमानाने आला आणि त्याने तक्रार मागे घेतली. वडील शेवटी काय बोलले ते या जबाबात यावं, एवढीच त्याची विनंती आहे, असं साहेब म्हणाले. म्हणून ते वर सांगितलं आहे.

जबाब शब्दन् शब्द मला वाचून दाखवला, मी सांगितला तसाच आहे. काही दुरुस्ती आहे का, असं साहेबांनी विचारलं. मी दोन वेळा खोटं बोलले. मी त्या घरची सून नाही, ती दुरुस्ती करून घ्यावी. दुसरं आहे तसंच राहू द्यावं.