मागच्या शिटाचे शाकअप

...न्हाई, तुमीच सांगा, मागं बसायचं कोणाला? लिंबाजीला? रायभानमामाला? त्या दुकानदाराच्या आज्याला? मग ह्येंनी कामून मधी बोलायचं? थांबा, आधी पाणी पितो, डोकंच तापलंय!

तुमाला सांगतो, माझी जावा गाडी. जुनी हाय, लग्नाच्या आधीची, पण कशातूनबी निघती... काळ्या रानातून, नाल्यातून, आमच्या बोरीच्या वाटेवरनं, जिथं बैलबी इचार करून पाय टाकतंय! पण गचके झेलणारे मागचे शाकअप पार मेले. दबले ते दबलेच, वर यायचं नाव न्हाई. पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला निघालो, नाल्यात धाडकन आदळली गाडी, आन आमच्या मंडळीची, नर्मदाची, जीभ दातात! उतरली खाली, तोंडाला पदर लावला, म्हणली, ‘अहो, शाकअप बदला. न्हाईतर उद्यापासून मी एस्टीनं.’

आता तुमी म्हणाल, जाऊ द्या की एस्टीनं! अरं वा! तुमचं काय जातंय? आमच्यात नवरा-बायको रस्त्यानं संगं चालत न्हाईत, घरात आईम्होरं एका चटईवर बसायची सोय न्हाई. पण गाडीवर बसली की ती खांद्यावर हात ठिवती. भर रस्त्यात! आन कोणी काय म्हणत न्हाई, पडंल म्हणून धरलंय म्हणतेत. तेवढाच एक हात माझ्या हक्काचा. लय आवडतंय मला ते... हासू नका!

तर परभणीला निघालो शाकअप आणायला. एकटाच जाणार होतो, पण आमच्या गावात कोणी सुई आणायला निघालं तरी माणसं संगं येतेत, टोचती का न्हाई बघायला! रायभानमामा आले, आईचे भाऊ, त्यांना बैलाशिवाय काय कळत न्हाई. लिंबाजी आला, त्याची मेंढरं हायेत, गाडी न्हाई. दुकानदारानं दोन जोड्या काढल्या, एक नरम, एक कडक. झालं! मामानं आंबा दाबावा तसं दाबून बघितलं. ‘ह्यॅ! आरं, बैल आन लोखंड कडकच पायजे.’ लिंबाजी म्हणतो, ‘दादा, मागं मेंढा बसवला तर नरम टिकंल का?’ अरं, मेंढा कामून बसंल माझ्या गाडीवर? चहा घेऊन आलेला माणूस, त्यानंबी किटली खाली ठिवून दाबलं! मागं बसायचं कोणाला, आन दाबायलंय कोण!

शेवटी दुकानदार चष्म्यावरून बघत म्हणतो, ‘मालक, मागं काय वजन असतंय?’

आता आली का पंचाईत! समोर मामा, बाजूला लिंबाजी, ज्याच्या तोंडात तीळ भिजत न्हाई. त्यांच्याम्होरं काय सांगू, बायकोला हिसका बसू नये म्हणून आलोय? जिंदगीभर पारावर माझाच तमाशा! मी म्हणलो, ‘मागं? ज्वारीचं पोतं असतंय.’

‘क्विंटलाचं?’

‘हा... क्विंटलाचं.’

‘मग कडकच घ्या!’

घेतले. बसवले. नर्मदा खूश, चांगलं लुगडं नेसून बसली, हात खांद्यावर. आन माझी बायको म्हंजे नुसतं चिपाड! पयल्याच खड्ड्यात गाडीनं तिला लाहीवानी उडवली. खाली आली ती शिटावर न्हाई, कापसाच्या रानात! नशीब, माती भुसभुशीत होती.

तेवढ्यावर भागलं असतं हो. पण लिंबाजी घरी आला आन म्हणतो कसा, ‘वैनी, शाकअपचा काय दोष न्हाई. दादानं दुकानात तुमाला पोतं धरून आणलेत!’

‘मी पोतं हाय?’

‘बदलून आणतो,’ म्हणलो.

‘आणा की. पण दुकानात सांगायचं, मागं माझी बायको बसती म्हणून. मामांच्या म्होरं सांगायचं.’

मामांच्या म्होरं! आता हे कसं सांगू? तुमच्यातला एक तरी गडी सांगंल का? मान खाली कामून घालायलात?

मग काय... नर्मदा एस्टीनं जायलीय. आन मी खरंच मागं ज्वारीचं पोतं बांधून सेलूच्या बाजाराला जायलोय. मागं बसायचं कोणाला, ते एकदाचं ठरलं. गाडी कशी चालती म्हणता? एक दणका न्हाई, एक हिसका न्हाई! पोतं लय खूश हाय... पण पोत्याला काय खांद्यावर हात ठिवता येतो, हो?